पत्र्याचा रॅकून बॅफल: 14 महिने वापरून, कांडेचोरासकट

बॅफल म्हणजे बर्ड फीडरच्या खांबावर बसवायचा अडथळा, रॅकून नावाच्या इथल्या रात्री हिंडणाऱ्या प्राण्याला पक्ष्यांच्या दाण्यापर्यंत चढू न देणारा. चार स्टार देतेय. पाचवा कापला तो खोक्यात येणाऱ्या सूचनांच्या कागदामुळे, त्याच्यावर येतेच पुढे. कुणाला घाईत फक्त घेऊ का नको एवढंच हवं असेल तर घ्या. पण खांबाला अडकवला की झालं काम असं समजू नका, मी तसंच समजले होते आणि त्यात अख्खा उन्हाळा आणि सूर्यफुलाच्या बियांच्या वीस-वीस पौंडांच्या दोन पिशव्या गेल्या.

आम्ही अमेरिकेत सेंट्रल न्यू जर्सीत राहतो, मागे छोटंसं बॅकयार्ड, त्याच्यामागे ओढा आणि ओढ्याकाठी झाडी. रॅकूनला आणखी काय पाहिजे. बर्ड फीडर मुळात लावला तो सासऱ्यांसाठी. बाबा आणि आई गेल्या वर्षी मे महिन्यात सहा महिन्यांसाठी आले, आणि ज्यांच्या घरी आईवडील येऊन राहिलेत त्यांना हे माहितीच असेल, पहिले पंधरा दिवस मजेत जातात, मग आपण ऑफिसला, मुलं शाळेत, गाडी चालवता येत नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि देवरुखात सकाळी दूध आणायला निघाला की तासभर गप्पा मारून परत येणारा माणूस दिवसभर खिडकीत बसून समोरच्यांचं लॉन बघत बसतो. म्हणून एक लोखंडी खांब आणला, त्याला वर दोन हात, एका हाताला बियांची नळी, दुसऱ्याला सूएटची जाळी. सूएट म्हणजे गुरांची चरबी, ते मी आईंना सांगितलं नव्हतं, पक्ष्यांच्या वड्या म्हणून सांगितलं होतं, तेव्हा हे वाचून कुणी त्यांना कळवू नका प्लीज.

बाबा रमले. एक वही केली, त्यात रोजची हजेरी. कार्डिनल नावाचा लाल पक्षी पहाटे सगळ्यात आधी येतो आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर अंधार पडता पडता शेवटचा येतो, त्याचं नाव लाल्या. आणि पिवळ्या गोल्डफिंचसाठी मी नायजरच्या बियांची वेगळी नळी आणली तर आई पिशवी उघडून म्हणाल्या, "अगं हे तर कारळे!" खरंच कारळेच ते. आपण चटणी करतो तेच, इथे परदेशातून येतात आणि येताना उष्णता देऊन आणतात म्हणजे त्यात मिसळलेल्या तणांच्या बिया इथे उगवायला नकोत. चटणीचा बेत मी मोठ्या मुश्किलीने हाणून पाडला, पक्ष्यांसाठीचा माल आहे तो, माणसांच्या खाण्यासाठी निवडलेला नसतो. न्यू जर्सीचा राज्यपक्षी कारळे खातो ही गोष्ट मात्र त्यांनी त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर देवरुखभर केली.

आणि मग जूनमध्ये एका सकाळी बघतो तर नळी गवतात, झाकण भलतीकडे, सूएटची जाळी तर गायबच. बाबांचा संशय खारींवर. मी म्हटलं बाबा खार जाळीचा हूक काढून जाळी बरोबर नेत नाही. डेकवर कॅमेरा लावला. रात्री पावणेबारा, काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये दोन चमकणारे डोळे, डोळ्यांवर दरोडेखोरासारखी काळी पट्टी, शेपटीला वळी, आरामात खांब चढून पुढच्या दोन्ही हातांनी हूक उचलला, नळी खाली सोडली, मग स्वतः खाली आला आणि मांडी घालून बसावं तसा बसून खात राहिला. मी पंजे म्हणत नाही, हातच म्हणते, पाच बोटांचे. आईंनी व्हिडिओ बघितला आणि म्हणाल्या, "हा तर कांडेचोर." कोकणात उदमांजराला कांडेचोर म्हणतात, रात्री कौलांवरून फिरतं ते. तसं नातं काही नाही, रॅकूनचं कुळच वेगळं आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं, आता मुलं शाळेतसुद्धा कांडेचोर म्हणतात.

इथून पुढे आम्ही जे केलं त्यातलं बरंच चुकीचं होतं, तुम्ही करू नये म्हणून लिहिते.

खांबाला तूप लावायचं ही बाबांची आयडिया. नवऱ्याने सुधारणा केली की तूप महाग आहे, व्हॅसलीन लावू. एक रात्र चाललं. पण असलं काही लावू नका, पक्ष्याच्या पिसांना चिकटलं तर पिसांची ऊब आणि पाणी अडवायची ताकद जाते आणि त्याला ते साफ करता येत नाही, हे कळल्यावर मीच गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन पुसत बसले.

मग तिखट. इथे दुकानात तिखट लावलेल्या बिया मिळतात आणि ती फसवाफसवी नाही, पक्ष्यांना मिरचीचा जाळ लागतच नाही. आपल्याला हे सांगायला कशाला पाहिजे, पोपट हिरवी मिरची कशी खातो ते लहानपणापासून बघतोय. प्राण्यांना मात्र लागतो. खारी खरंच कमी झाल्या. कांडेचोर पहिल्या रात्री दोन घास खाऊन थांबला, नाक पुसलं, बर्डबाथमध्ये हात बुडवले, परत येऊन उरलेलं संपवलं. आई म्हणाल्या, निदान हात धुवून जेवतो. (हात धुणं नसतं खरं ते, ओल्या हाताला त्याला स्पर्श जास्त नीट कळतो म्हणून तो पाण्यात चाचपतो. पण हे आईंना पटलेलं नाही.)

तिसरा प्रकार म्हणजे प्लास्टिकची घुमटी, पारदर्शक, उपड्या परातीसारखी, खांबावर मध्ये बसवायची. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण त्यांनी ती खारींसाठी म्हणूनच विकली होती, रॅकूनसाठी आहे असं मीच ठरवलं. खार तिच्यापाशी अडते. रॅकूनचा हात लांब, तो खालून घुमटीच्या कडेला धरतो आणि वर येतो. तिसऱ्या दिवशी तिला चीर गेली.

एका कीटक-प्राणी पकडणाऱ्या कंपनीला फोन करून झाला. त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून नवऱ्याने फोन म्यूट केला आणि हसला. शिवाय पकडून लांब सोडणं बऱ्याच राज्यांत बेकायदा आहे, आणि ते बरोबरच आहे, इकडच्या पूर्व किनाऱ्यावर रॅकूनमध्ये रेबीज फिरतो, तुमचा रॅकून दुसऱ्याच्या गावात नेऊन सोडायचा म्हणजे काय. आणि इथलं खाणं तसंच टांगलेलं राहिलं तर रिकामी जागा दुसरा भरणारच. जुलैत तर एकाचे चार झाले, आई आणि तीन पिल्लं, एकामागे एक रांगेत. पिल्लं वसंतात जन्मतात आणि मध्य उन्हाळ्यात आईच्या मागे धंदा शिकायला निघतात. बाबांचा राग तिथेच अर्धा ओसरला, वहीत त्यांची पण हजेरी लागायला लागली.

तर ऑगस्टमध्ये हा बॅफल मागवला. किंमत 42 डॉलर, त्यावर आपल्या जर्सीचा 6.625 टक्के टॅक्स, म्हणजे पावणेपंचेचाळीसच्या आसपास. वस्तू काय आहे तर पत्र्याची नळी, 8 इंच रुंद, 28 इंच लांब, वरून बंद, खालून उघडी, बाहेरून काळं पावडर कोटिंग. बंद टोकाला मध्ये खांबापुरतं भोक. खांबावर दोन अर्ध्या तुकड्यांचा क्लॅम्प घट्ट करायचा आणि नळी त्याच्यावर नुसती टेकवायची, जखडायची नाही, ती जरा डुगडुगली पाहिजे. गंमत अशी की प्राणी खांब धरून वर चढत चढत नळीच्या आत जातो आणि पुढे छत. बाहेरून चढावं तर पत्रा गुळगुळीत, रुंदी इतकी की मिठी नीट बसत नाही आणि वरून डुगडुगतोय. कल्पना एवढी साधी आहे की पहिल्यांदा बघून वाटलं पंचेचाळीस डॉलर कशाचे घेतात. ओळखीच्या एकाने घरीच केला तसला, हार्डवेअरच्या दुकानातून हीटरच्या डक्टचा 8 इंची पाईप, वर जाळी कापून बसवली, पट्टीवर टेकवला. पैसे बरेच वाचले, बोट कापलं, टिटॅनसचं इंजेक्शन घ्यावं लागलं. हिशेब तुमचा तुम्ही करा.

पत्रा जाड आहे, कडा वळवलेल्या आहेत, कापत नाहीत, हे खरंच चांगलं केलंय. शिवणीचे स्क्रू बरोबर भोकांवर आले. माझ्यासारख्या बाईला, जिने आयकियाचं टेबल उलटं जोडलंय, हे वीस मिनिटांत जमलं.

आता तो कागद. त्यावर चार चित्रं आहेत, क्लॅम्प कसा लावायचा त्याची. जमिनीपासून किती उंचीवर लावायचा? काही नाही. डेकपासून, कुंपणापासून, झाडापासून खांब किती लांब हवा? त्याबद्दलही एक शब्द नाही. म्हणजे औषध दिलंय पण किती चमचे ते लिहिलं नाही. मी आपला लावला दिसायला बरा दिसेल असा, खालची कड जमिनीपासून फूटभर. रात्री कॅमेऱ्यात बघते तर आई-रॅकून मागच्या पायांवर उभी राहिली, नळीच्या माथ्याला हात पोचले, एक उडी आणि वर. पिल्लं खाली तोंड वर करून बघतायत. मी तिथल्या तिथे एक स्टारचा रिव्ह्यू लिहायला घेतला होता, खोटं कशाला बोलू.

बाबांनी थांबवलं. म्हणाले, वस्तूला शिव्या देण्याआधी ती कशी लावायची ते बघ. मग बघितलं. नळीचा माथा जमिनीपासून साडेचार ते पाच फुटांवर पाहिजे. आमची 28 इंची नळी, माथा पाच फुटांवर म्हणजे खालची कड साधारण 32 इंचांवर येते. तसा वर घेतला. आणि त्या रात्री त्या चौघी, चौघी की चौघे कोण जाणे, खांबाकडे फिरकलेच नाहीत. डेकच्या कठड्यावर चढले, तिथून वाकून खांबाचा डेककडे आलेला हात धरला आणि बियांची नळी ओढून घेतली. कारण खांब डेकपासून चार फुटांवर. आम्ही तो तिथे लावला होता का, तर बाबांना खुर्चीतून जवळून दिसावं म्हणून.

हे आहे सगळ्याचं मर्म, आणि हे मला त्या कागदावर छापलेलं हवं होतं. नळी फक्त खालून येणाऱ्याला अडवते. बाजूने किंवा वरून येणाऱ्याला अडवायचं तर खांब मोकळ्यावर पाहिजे, कठडा, कुंपण, शेड, लोंबती फांदी, सगळ्यापासून दहा-बारा फूट. तेवढ्याने खारींचाही प्रश्न बराचसा सुटतो. बाबांनी पावलं मोजली, दोरी धरली, लॉनच्या मध्यावर खुंटी ठोकली आणि शनिवारी खांब हलवला. हलवताना खालचं स्क्रूसारखं टोक नीट खोल पिळलं नाही तर रॅकून दोन्ही हातांनी खांब गदागदा हलवतो आणि पडलेल्या बिया वेचतो, हे दुसऱ्या रात्री कळलं. म्हणून मग खड्डा, आणि अर्धी पिशवी सिमेंट. हे काम थंडीच्या आधी उरकून घ्या, जानेवारीत इथली जमीन कुदळीला ऐकत नाही.

त्यानंतर मात्र शांतता. कॅमेऱ्याचे पहिले आठ दिवस बघण्यासारखे होते. आई-रॅकून खांब चढते, नळीच्या आत गायब होते, फक्त शेपटी बाहेर, दोन मिनिटं आतून ठकठक, मग शेपटीकडून खाली. मग बाहेरून प्रयत्न, नळी डुगडुगते, ती घसरते. मग खाली बसून वर बघत राहते. मला तिच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत होतं. बिचारी मठ्ठ नाही हो. 1907 साली एच. बी. डेव्हिस नावाच्या माणसाने रॅकूनना कुलपं घालून बघितली होती, वेगवेगळ्या 13 कड्या-खिट्ट्यांपैकी 11 त्यांनी दहापेक्षा कमी प्रयत्नांत उघडल्या. टोरोंटो शहराने 2016 मध्ये तीन कोटी दहा लाख कॅनेडियन डॉलर घालून रॅकूनला उघडणार नाहीत असे कचऱ्याचे डबे घरोघर दिले, आणि तेही उघडणारे निघालेच. मला वाटतं हा बॅफल चालतो तो एवढ्याचसाठी, की त्याला उघडण्यासारखं काही नाहीच. हूक नाही, खिट्टी नाही, झाकण नाही. हुशारीला धरायलाच काही ठेवलेलं नाही.

सप्टेंबरमधली एक गोष्ट बॅफलशी संबंधित नाही पण सांगते. पितृपक्षात आईंनी डेकवर पान ठेवलं कावळ्यासाठी. इथे कावळे आहेत पण त्यांना हे माहीत नाही, दिवसभर एकही फिरकला नाही. संध्याकाळी आई खट्टू, पान उचलू नका म्हणाल्या. रात्री कॅमेऱ्यात कांडेचोर, वडा आधी, मग खीर, मग आमसुलाची चटणी चाटून तोंड वाकडं. सकाळी पान स्वच्छ. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, आजेसासऱ्यांना पण आमसुलाची चटणी आवडायची नाही. पुढच्या वर्षीपासून पान ठेवायचं तर तासाभरात उचलायचं असं मी हळूच ठरवून टाकलंय, कारण रॅकूनला डेकवर जेवायची सवय लागणं चांगलं नाही, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

ते एवढ्याचसाठी लिहिते: शेडमागे कोपऱ्यात एकाच जागी विष्ठेचा ढीग दिसला होता, रॅकून ठरलेल्या जागी जातात. बाबा केरसुणी घेऊन निघाले, मी ओरडलेच. त्यात एका जंताची अंडी असू शकतात, माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारा जंत आहे तो, लहान मुलं मातीत खेळतात तिथे तर फार जपायचं. ब्लीचने ती अंडी मरत नाहीत. हातमोजे, मास्क, फावड्याने पिशवीत, आणि जागेवर उकळतं पाणी. झाडून धूळ उडवायची नाही.

आता 14 महिने वापरल्यानंतरचं. माथ्याच्या भोकाभोवती, जिथे डुगडुगताना पत्रा घासतो, तिथे कोटिंग गेलंय आणि गंज धरलाय, रुपयाएवढा. एक रबरी वॉशर दिला असता तर हे झालं नसतं, मी आता जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलाय. या जुलैत नळीच्या आत गांधीलमाश्यांनी पोळं केलं, ते मला क्लॅम्प कसायला खालून हात घातल्यावर कळलं, तर आधी टॉर्चने बघा. बर्फात काही त्रास नाही. कडाक्याच्या थंडीत रॅकून तसेही ढोलीत पडून असतात, झोपतात असं नाही, पण बाहेर कमी येतात, पुन्हा जरा ऊब आली की हजर. आणि जर्सीतच वर ससेक्स, वॉरन काउंटीकडे राहत असाल तर ह्यातलं काहीच उपयोगाचं नाही, तिकडे अस्वल येतं आणि अस्वल सिमेंटसकट खांब वाकवतं, तिथे थंडी सोडून फीडर लावूच नका.

फुकटातला उपाय सांगायचा तर रोज दिवेलागणीला फीडर आत आणणं. बाबा इथे होते तोवर ते दोन्ही करायचे, बॅफल असूनसुद्धा, कार्डिनल येऊन गेला की बियांची नळी काढून गराजमध्ये पत्र्याच्या डब्यात, डब्याला वरून रबरी दोरी. मला नाही जमत ते, लाल्या येतो तेव्हा मी हमरस्त्यावर ट्रॅफिकमध्ये असते. बॅफल मी घेतला तो खरं तर ह्या आळसासाठी आणि तो पैसा वसूल आहे. बाबा ऑक्टोबरअखेर परत गेले. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न कांडेचोराचा असतो, मग मुलांचा, मग जमलं तर माझा. गेल्या आठवड्यात एक मोठा रॅकून आला होता, खांबाला एकदा हात लावला, वर बघितलं आणि ओढ्याकडे निघून गेला. ती क्लिप पाठवली तर बाबांचं म्हणणं की हे गेल्या वर्षीचंच एक पिल्लू आहे, शेपटीवरून ओळखलं. असेल.

घेणार असाल तर 28 इंचांचाच घ्या, छोटा चार-पाच डॉलरने स्वस्त दिसतो म्हणून मोहात पडू नका. आधी जागा मोजा मग ऑर्डर करा. खांबाची जाडी पण मोजा, क्लॅम्प ठरावीक जाडीलाच बसतो. आणि जोडताना खाली जुनी चादर अंथरा, क्लॅम्पचे नट एवढेसे आहेत, गवतात पडले की गेले, एकासाठी मला 9 डॉलरचं अख्खं पाकीट घ्यावं लागलं.